बेणं वेगळं काढताना

मशीन नीट चालतंय अशी एक दुपार निवडा. हँग होत नाही, नको तो आवाज करत नाही, काल होतं तसंच आज आहे, अशी दुपार. तास-दीड तास कुणाचं येणं-जाणं नसावं. हाताशी १६ जीबीचा किंवा त्याहून मोठा पेनड्राइव्ह, एक वही आणि एक पेन घ्या. इन्व्हर्टर असेल तर मशीन त्यावर लावा, लॅपटॉप असेल तर चार्जर जोडून ठेवा. आमच्या आखाडा बाळापुरात लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही, आणि आजचं काम, म्हणजे मशीनचा रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवणं, अर्ध्यात तुटलेलं चालत नाही.

बसलात? आता बटण दाबा आणि काहीच करू नका.

रोज आपण बटण दाबून चहा आणायला उठतो. आज उठू नका. पंखा एकदा जोरात फिरतो आणि मंदावतो. काळ्या पडद्यावर कंपनीचं नाव उमटतं, मग त्या ठिपक्यांचं गोल गोल फिरणं सुरू होतं. या अर्ध्या मिनिटात आत काय चाललंय ते सावकाश मनापुढे आणा. काल रात्री मशीन बंद केलं तेव्हा रॅममध्ये जे जे होतं ते सगळं पुसलं गेलं. वीज गेली की रॅममध्ये काही उरत नाही. म्हणजे आत्ता जागं होणाऱ्या मशीनला कालचं काहीच आठवत नाही, स्वतःचं नावसुद्धा नाही. मदरबोर्डवरच्या एका लहानशा चिपमध्ये भरून ठेवलेला छोटा प्रोग्राम तेवढा त्याच्याजवळ असतो. तो मेमरी चाचपतो, कीबोर्ड चाचपतो, डिस्क शोधतो आणि डिस्कवर ठरलेल्या जागी ठेवलेल्या दुसऱ्या छोट्या प्रोग्रामला उठवतो. दुसरा मग विंडोजला उठवतो. पहाटे घरातलं एक माणूस उठतं आणि मग एकेकाला हाक मारतं, तसं हे आहे.

त्यातला मधला कुणी उठलाच नाही, तर?

फोटो डिस्कवर आहेत. हिशेब आहेत, पीकविम्याच्या पावत्या आहेत, मुलीच्या नोट्स आहेत. सगळं जागच्या जागी आहे, पण तिथवर नेणारं कुणी उरलेलं नाही. पडदा काळा. या प्रश्नाजवळ दोन मिनिटं बसा. भिण्यासाठी नाही. आज हे काम का करायचं, ते एकदा पुरतं कळावं म्हणून.

आता पेनड्राइव्ह हातात घ्या. तो मशीनला लावा आणि उघडून बघा. जुन्या लग्नाचे फोटो असतील, कुणी दिलेली गाणी असतील, कुठल्या तरी अर्जाची पीडीएफ असेल. एकेक नीट बघा, कारण थोड्या वेळात यातलं सगळं पुसलं जाणार आहे. हवं ते दुसरीकडे उतरवून घ्या. घाई करू नका. पुसण्याआधी एकदा बघणं हा या कामाचा अर्धा भाग आहे, असं मी अनुभवाने सांगतो.

झालं? स्टार्टच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'रिकव्हरी ड्राइव्ह' असं लिहा. नाव वर येईल, ते उघडा. मशीन परवानगी मागेल, द्या. पहिल्याच खिडकीत एक चौकोन असतो: सिस्टीमच्या फायलींची प्रतही या ड्राइव्हवर ठेवायची का, असं तो विचारतो. तिथे खूण असू द्या. खूण काढली तर नुसती दुरुस्तीची साधनं जातात. खूण ठेवली तर पूर्ण विंडोज नव्याने बसवता येईल एवढं सामान सोबत जातं. पुढे जा, पेनड्राइव्ह निवडा, सगळं पुसलं जाईल ही सूचना पुन्हा एकदा वाचा आणि मग 'क्रिएट' दाबा.

हिरवी पट्टी सुरू होईल. ती फार हळू सरकते. तिच्याकडे बघून ती जोरात पळणार नाही. आता हात मांडीवर ठेवा.

दरवर्षी आमच्याकडे एक गोष्ट घडते, ती मनापुढे आणा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघते. पाला कापून झालेला असतो, कंद खणून वावरातच पसरलेले असतात, आणि बाया वेचणीला बसलेल्या असतात. हळकुंडं एकीकडे, बगल गड्डे एकीकडे. आणि जेठे गड्डे, म्हणजे ज्या मुख्य कंदापासून बाकीचे फुटले ते, निवडून निराळे. हेच पुढच्या सालाचं बेणं. हेक्टरी २५ क्विंटल एवढं ते लागतं. ते सावलीत ढीग लावून हळदीच्याच पाल्याने झाकून ठेवायचं, आणि उरलेलं सगळं शिजवायला न्यायचं.

क्रम काय आहे, त्यावर थांबा. आधी बेणं, मग कढई. कारण शिजलेली हळद उगवत नाही. शिजून, वाळून, पॉलिश होऊन तिला सोन्यासारखा रंग येतो, वसमतच्या बाजारात तिचं सोनं होतं, 'वसमत हळद' म्हणून २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तिला कोंब येत नाही. कढई पेटल्यावर बेण्याची आठवण झाली तर उपयोग नसतो.

रिकव्हरीचा पेनड्राइव्हही असाच आहे. चालत्या मशीनवरच तो बनतो. पडदा काळा झाल्यावर त्या मशीनवर तो बनवता येत नाही, मग दुसऱ्याच्या घरचं मशीन शोधावं लागतं. दुखणं येण्याआधी, सगळं ठीक असताना, ज्या दिवशी त्याची काहीच गरज वाटत नाही त्याच दिवशी ते करायचं असतं. म्हणून तर ते राहून जातं.

पट्टी कुठवर आली? अजून पावसुद्धा नाही. असू द्या.

माझं पहिलं मशीन विंडोज ७ चं. त्याआधी लोकांच्या मशीनसोबत सीडी यायची. माझ्यासोबत आली नव्हती. कंपन्यांनी तेव्हा सीडी द्यायचं बंद करत आणलं होतं आणि विंडोजची एक प्रत त्याच हार्ड डिस्कच्या एका लपवलेल्या भागात ठेवायला सुरुवात केली होती. पहिल्यांदा मशीन लावलं की पडद्यावर सूचना यायची: कोऱ्या डीव्हीडी घाला आणि रिकव्हरी डिस्क बनवून घ्या. एका डीव्हीडीवर ४.७ जीबी मावायचं, त्यामुळे तीन-चार लागायच्या. मी त्या आणल्या नाहीत. सूचना दर वेळी यायची आणि मी दर वेळी ती 'नंतर' म्हणून मिटवायचो. डिस्कच्या पोटात प्रत आहेच, असा भरवसा होता. पण बेणं त्याच वावरात पुरून ठेवलं आणि वावरच वाहून गेलं तर बेणं कसलं राहणार, एवढा साधा विचार मनात आला नाही.

त्या मशीनवर मी आईच्या ओव्या लिहून घेत होतो. आई जात्यावर बसायची तेव्हाच्या ओव्या. जातं जाऊन चक्की आली, ओव्या तिच्या डोक्यात राहिल्या. दोन हिवाळे संध्याकाळी ती सांगायची आणि मी टाइप करायचो. ती एक ओळ म्हणायची, मग थांबायची, हाताने जात्याचा खुंटा धरल्यासारखं करायची, आणि तसं केल्यावरच तिला पुढची ओळ यायची. एकशे त्रेसष्ट ओव्या झाल्या होत्या. सगळ्या एका फायलीत, आणि ती फाइल डेस्कटॉपवर.

मग एका पावसाळ्यात, अपडेट चालू असताना, लाइट तीन-चारदा आली-गेली. पडदा काळा झाला. मशीन दुरुस्तीला दिलं. "फॉरमॅट मारू का?" असा प्रश्न आला आणि मी "मारा" म्हटलं. त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता असंही नाही. मशीन बंद पडल्याच्या काळजीत मशीनमध्ये काय आहे ते त्या घटकेला आठवलंच नाही. दोन दिवसांनी मशीन घरी आलं, झकास चालत होतं, आणि डेस्कटॉप कोरा होता.

आई काही बोलली नाही. "परत सांगेन की," एवढंच म्हणाली.

त्या दिवशी दुरुस्तीची डिस्क जवळ असती, तर कदाचित फॉरमॅटची वेळच आली नसती. बाहेरच्या डिस्कवरून मशीन उठवायचं, न उठणारा भाग तेवढा दुरुस्त करून बघायचा, नाहीच जमलं तर निदान फायली आधी बाहेर काढायच्या, असं करता येतं. हे मला पुढे कळलं. इथे मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या, कारण याच ठिकाणी पुष्कळांची समजूत चुकते. आज तुम्ही जो पेनड्राइव्ह बनवताय, त्यात विंडोज आहे. त्यात तुमची एकही फाइल नाही. फोटो नाहीत, हिशेब नाहीत, ओव्या नाहीत, मागाहून घातलेले प्रोग्रामही नाहीत. आणि या ड्राइव्हवरून पूर्ण विंडोज नव्याने बसवलंत, तर डिस्कवरचं तुमचं सगळं तो पुसूनच बसवतो. तो घर पुन्हा उभं करतो, घरातली भांडीकुंडी परत आणत नाही.

म्हणून पट्टी सरकतेय तोवर वही उघडा. डोळे मिटा आणि मनाने मशीनमध्ये फिरा. डेस्कटॉपवर काय आहे? 'डाउनलोड्स'मध्ये काय साठलंय? फोनमधून उतरवलेले फोटो कुठे आहेत? यातलं काय पैसे देऊन परत मिळेल, काय खटपटीने मिळेल, आणि काय गेलं तर गेलंच? तिसऱ्या प्रकारचं जे असेल तेवढं वहीत लिहा. यादी लांबत नाही. माझी चार ओळींत संपली. पहिली ओळ ओव्यांची होती.

मराठी लिहिणाऱ्यांनी या यादीत आणखी एक ओळ घालावी: फॉन्ट. ओव्या गेल्यावर काही वर्षांनी परभणीच्या बहिणीने सांगितलं की सुरुवातीच्या काही ओव्या मी तिला ईमेलने पाठवल्या होत्या. फाइल मिळाली. धडधडत्या छातीने उघडली, तर पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चुरा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल होती ती. त्या फॉन्टांमध्ये मशीनच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, त्यांच्यावर देवनागरीचं रूप चढवलेलं असतं. फॉरमॅटमध्ये फॉन्टही गेला होता, तेव्हा रूप उतरलं आणि खाली चुरा उरला. तोच फॉन्ट शोधून मशीनमध्ये घातला आणि आईच्या ओळी एकदम पडद्यावर उभ्या राहिल्या. एक्केचाळीस ओव्या. दुसऱ्या गावी प्रत होती म्हणून त्या राहिल्या. पुढे त्या युनिकोडमध्ये करून घेतल्या. ज्यांच्याकडे असा जुना मजकूर आहे, त्यांनी त्यासोबत त्याचा फॉन्टही जपून ठेवावा, किंवा मजकूर लवकर युनिकोडमध्ये करून घ्यावा.

दुसऱ्या गावी प्रत. या तीन शब्दांवर जरा वेळ रेंगाळा.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात नर्सी आहे, नामदेव महाराजांचं जन्मगाव म्हणून ते मानलं जातं. नामदेव पंजाबात गेले, तिथल्या लोकांना कळेल अशा बोलीत त्यांनी पदं रचली, आणि त्यांतली ६१ गुरू ग्रंथ साहिबात आहेत. इथून दूर, दुसऱ्या लिपीत, दुसऱ्या लोकांनी ती जिवापाड सांभाळली, रोज वाचली, म्हणून शब्दाला शब्द राहिली. आणि बाळापूरहून नांदेडच्या रस्त्याला लागलं की तासाभरात आपण हुजूर साहिबला पोचतो, जिथे १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी ग्रंथालाच गुरुपद दिलं. म्हणजे नर्सीचा शब्द पंजाब फिरून पुन्हा आपल्या शेजारी येऊन बसला. ज्यांना जपायचं त्यांनी एकाच घरावर विसंबून जपलं नाही. मला या गोष्टीचा मोठा धीर वाटतो.

जात्यावरच्या ओव्यांचंही असंच एक मोठं काम महाराष्ट्रात झालं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या संगणकात घातल्या गेल्या, आणि आज त्यांतल्या अनेक 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या ऑनलाइन संग्रहात कुणालाही वाचता-ऐकता येतात. त्या लाखापुढे माझ्या एकशे त्रेसष्ट म्हणजे काहीच नाहीत. पण त्यांत आईने सांगितलेल्या नाहीत, त्या माझ्याकडेच असायला हव्या होत्या.

आता पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली असेल. पेनड्राइव्हला बोट लावून बघा, कोमट लागेल. काढू मात्र नका.

२१ मार्च २०२४ ची सकाळ आठवा, या भागातले असाल तर आठवेलच. सहा वाजून आठ मिनिटांनी जमीन हलली. ४.५ तीव्रतेचा धक्का, आणि दहा-अकरा मिनिटांत दुसरा, ३.६ चा. केंद्र आमच्याच कळमनुरी तालुक्यात, बाळापूर भागात. तावदानं वाजली, भांडी वाजली, आणि सगळं गाव रस्त्यावर आलं. किल्लारीचा भूकंप कुणी विसरलेलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट मराठवाड्यातल्या प्रत्येक घराच्या बोलण्यात आहे. या वेळी मोठी हानी झाली नाही. त्यानंतर शेजारच्या नांदेडच्या प्रशासनाने जे आवाहन केलं, ते माझ्या मनात घर करून राहिलं: पत्र्यावर आधाराला ठेवलेले दगड काढून घ्या. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून ठेवलेला दगड हादऱ्यात डोक्यावर येतो. वर्षानुवर्षं तो दगड तिथे होता आणि कुणाच्या डोळ्यांत आला नव्हता. तो काढायचा तो जमीन शांत असताना, शिडी लावून, एकेक करून.

मी त्या संध्याकाळी पत्र्यावरचे दगड उतरवले. आणि उतरवताना मशीनची आठवण झाली, त्याच आठवड्यात पेनड्राइव्ह आणला. असं हे जुळून आलं.

त्याच वर्षी १९ जुलैला जगाने मोठा काळा पडदा पाहिला, म्हणजे खरं तर निळा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन एकाच दिवशी उठेनाशी झाली. विमानं खोळंबली, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. लाखो मशीनपाशी शेवटी माणसाला स्वतः जाऊन बसावं लागलं, आणि मायक्रोसॉफ्टने त्यासाठी जे साधन दिलं ते पेनड्राइव्हवर घालायचंच होतं. तिथे अनेकांना आणखी एक अडचण आली. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप होतं, आणि कुलपाची ४८ आकडी किल्ली काहींच्या बाबतीत बंद पडलेल्याच दुसऱ्या मशीनवर होती.

आजकालच्या पुष्कळ घरगुती लॅपटॉपांवर हे कुलूप आपोआप लागलेलं असतं. आपल्याला पत्ताही नसतो. मायक्रोसॉफ्टचं खातं वापरून मशीन सुरू केलं असेल, तर किल्ली बहुधा त्या खात्यात ठेवलेली असते. फोनवरून खातं उघडा, किल्ली शोधा आणि वहीत उतरवा. सहा-सहा आकड्यांचे आठ गट आहेत. एकेक गट तोंडाने म्हणत लिहा, मग पहिल्यापासून पुन्हा पडताळा. हे काम कंटाळवाणं आहे हे खरं. पण देवपूजेत प्रत्येक फूल निराळं वाहतो, तसा प्रत्येक गट निराळा लिहिला तर कंटाळा येत नाही. वही मशीनच्या पिशवीत ठेवू नका, कपाटात ठेवा.

पट्टी भरली. 'फिनिश' दाबा आणि पेनड्राइव्ह रीतसर बाहेर काढा.

अजून उठू नका. बेणं ठेवलं तर कोंब धरतंय का तेही बघायला हवं. मशीन बंद करा, पेनड्राइव्ह पुन्हा लावा आणि सुरू होताना बूटची की दाबत राहा. कुठे ती एफ १२ असते, कुठे एफ ९, कुठे एस्केप. यादीतून पेनड्राइव्ह निवडा. थोड्या वेळाने कीबोर्ड निवडायला सांगणारा निळा पडदा येईल. तो आला म्हणजे ड्राइव्ह चालतोय. तिथून पुढे जायचं नाही. मशीन बंद करा, ड्राइव्ह काढा आणि नेहमीसारखं सुरू करा. कुठली की लागली ती वहीत लिहा. ऐन वेळी नेमकी तीच आठवत नाही.

आता चिकटपट्टीचा तुकडा घ्या. त्यावर मशीनचं नाव, 'रिकव्हरी' हा शब्द आणि आजची तारीख लिहून पेनड्राइव्हला चिकटवा. या ड्राइव्हवर पुन्हा कधी गाणी घालायची नाहीत, कुणाला उसना द्यायचा नाही. आणि पुढल्या वर्षी तो नव्याने बनवायचा, कारण विंडोज अपडेटमागून अपडेट घेत बदलत जातं आणि प्रत जुनी पडते. मायक्रोसॉफ्टही वर्षाला एकदा बनवा असंच सांगते. आमच्याकडे मी हा दिवस हळद काढणीशी बांधून घेतला आहे. जेठे गड्डे पाल्याखाली गेले की त्या आठवड्यात पेनड्राइव्ह. तुमच्याकडे तुरी असतील, आंबा असेल, शाळेचा निकाल असेल. दरवर्षी न चुकता येणारं काहीही चालेल.

वहीतल्या यादीतल्या फायली आजच दुसऱ्या एका ड्राइव्हवर उतरवा, आणि तो ड्राइव्ह पुढच्या फेरीत दुसऱ्या गावी, आपल्या माणसाकडे ठेवून या.

आई अजून सांगते आहे. पहिल्यापेक्षा हळू, आणि काही ओव्यांच्या दुसऱ्या ओळी तिला आता येत नाहीत. त्या जागा मी मोकळ्या ठेवतो. परवा रात्री एकशे सातवी लिहून घेतली, आणि ती झोपायच्या आत प्रत परभणीला पाठवली.